नवा ॲक्सेस पॉइंट लावला, तरी वाय-फाय मधूनच का तुटतं?

पैसे खर्चून नवा बॉक्स बसवला, स्पीड टेस्टमध्ये आकडा तिप्पट आला, स्क्रीनशॉट स्टेटसलाही टाकून झाला. आणि दोन दिवसांनी सुरू होतं: व्हिडिओ कॉल गोठतो, यूपीआयचं चक्र फिरत राहतं, वर वाय-फायच्या कांड्या मात्र पूर्ण भरलेल्या. पाच मिनिटांनी सगळं आपोआप ठीक. तंत्रज्ञ येतो तेव्हा तर हमखास ठीक. मेकॅनिकसमोर नेली की गाडीचा आवाज बंद होतो, तसंच हे.

साफ बंद पडलेलं नेट दुरुस्त करणं त्या मानानं सोपं. मधूनच जाणारं नेट पकडायला वेळ लागतो, कारण त्यामागे बऱ्याचदा एक नाही, दोन-तीन कारणं असतात आणि ती आळीपाळीने डोकं वर काढतात. माझ्या ओळखीच्या एका अभ्यासिकेत अगदी हेच झालं. तळमजल्यावर हॉल, वर दुसरा हॉल, गच्चीवर पत्र्याची खोली. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळ-संध्याकाळ बसतात. अभ्यासिकेच्या काकांनी तीन जुने ॲक्सेस पॉइंट काढून तीन नवे वाय-फाय ६ वाले लावले. आठवड्याभरात एका मुलीची ऑनलाइन सराव परीक्षा १२ मिनिटं उरली असताना तुटली. पुन्हा लॉगिन केलं तर 'पेपर जमा झाला आहे'. तिने त्या टेस्ट सिरीजचे पैसे भरले होते, आणि चूक तिची नव्हती. काका म्हणाले, "अरे, जुनंच बरं होतं. रडत चालायचं, पण चालायचं." नवे बॉक्स परत करायची शेवटची तारीख चार दिवसांवर होती, म्हणून मी जाऊन बसलो.

ज्यांना शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: तारेतून आलेलं नेट हवेत सोडणारा बॉक्स म्हणजे ॲक्सेस पॉइंट. घरच्या राउटरमध्ये तो आतच असतो. मोठ्या जागेत राउटर एक आणि ॲक्सेस पॉइंट अनेक असतात. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं दोन्हीकडे लागू पडतं. जिथे फरक आहे तिथे तसं सांगतो.

आधी वही, मग सेटिंग

नेट गेलं की आपण राउटर बंद-चालू करतो. चालतं. पण त्याबरोबर पुरावाही पुसला जातो. म्हणून पहिले दोन दिवस काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. अभ्यासिकेत हजेरीच्या रजिस्टरचं शेवटचं पान त्यासाठी वापरलं. तीनच गोष्टी: नेट किती वाजता गेलं, कोण कुठे बसलं होतं, फोन की लॅपटॉप आणि कोणता. मोघम 'संध्याकाळी गेलं' चालणार नाही, '७ वाजून ४८ मिनिटं' हवं.

दोन दिवसांत पान बोलायला लागतं. एकाच वेळी एका मजल्यावरची सगळी मुलं बाहेर पडली, तर संशय त्या मजल्याच्या बॉक्सवर किंवा त्याच्या तारेवर. इमारतीतले सगळेच एकदम बाहेर पडले, तर राउटर किंवा नेट देणारी कंपनी. ठरावीक फोनच त्रास देत असतील तर सुरक्षा किंवा सुसंगततेची सेटिंग. ठरावीक वेळीच होत असेल तर गर्दी, वीज किंवा आयपी पत्ते. आणि ठरावीक टेबलावरच होत असेल तर सिग्नल. एवढ्यावरच निम्मं काम होतं, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतोय.

तीन पिंग, तीन उत्तरं

कांड्या फक्त एवढंच सांगतात की तुमचा फोन ॲक्सेस पॉइंटला ऐकू शकतो. पुढे नेट आहे का, याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. खरी तपासणी पिंगने होते. पिंग म्हणजे समोरच्याला 'आहेस का?' विचारून उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजणं. फोनवर पिंग करणारी साधी ॲप्स प्ले स्टोअरवर भरपूर आहेत. लॅपटॉप असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग चालतंच.

पहिलं पिंग राउटरला. त्याचा पत्ता फोनच्या वाय-फाय तपशिलात 'गेटवे' किंवा 'राउटर' या नावाखाली दिसतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. दुसरं पिंग बाहेरच्या एखाद्या कायम चालू असणाऱ्या आकडी पत्त्याला, जसं ८.८.८.८ किंवा १.१.१.१. तिसरं एखाद्या वेबसाइटच्या नावाला. नेट गेल्या क्षणी हे तीनही चालू असायला हवेत, त्यामुळे आधीच लावून ठेवायचे.

राउटरचं पिंगच तुटलं तर भांडण घरातलं आहे: हवा, ॲक्सेस पॉइंट किंवा मधली तार. राउटर नीट उत्तर देतोय पण ८.८.८.८ गप्प, तर दोष बाहेरच्या लाइनचा. अशा वेळी फायबरच्या बॉक्सवर एलओएस नावाचा दिवा लाल लुकलुकतोय का ते बघा. लुकलुकत असेल तर सेटिंगमध्ये बोटं घालू नका, कंपनीला फोन करा. आकडी पत्ता चालतोय आणि नाव चालत नाही, तर डीएनएस. म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा अडली आहे. राउटरमध्ये किंवा फोनच्या 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये काय भरलंय ते पाहा.

एक बारीक गोष्ट. फोनवरून पिंग करताना मधूनच १०० किंवा २०० मिलिसेकंदांचा आकडा दिसला तर घाबरू नका. बॅटरी वाचवायला फोनचा वाय-फाय रेडिओ डुलक्या घेतो, त्याचा तो आकडा. काळजी कधी करायची? सलग उत्तरं गायब झाली तर. विंडोज लॅपटॉपवर तर 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' ही कमांड मागच्या तीन दिवसांत वाय-फाय कधी जोडलं, कधी तुटलं आणि विंडोजच्या मते का तुटलं याचा आलेखासकट अहवाल काढून देते. कमांड प्रॉम्प्ट 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडावा लागतो.

अभ्यासिकेत वरच्या हॉलमधून राउटरचं पिंग अडीच-तीन मिनिटं सलग तुटत होतं. त्याच वेळी खालच्या हॉलमध्ये सगळं सुरळीत. म्हणजे राउटर आणि बाहेरची लाइन सुटली, संशयित एकच उरला.

चोर विजेत सापडला

ॲक्सेस पॉइंटच्या ॲडमिन पानावर 'अपटाइम' नावाची ओळ असते: हा बॉक्स शेवटचा सुरू झाल्याला किती वेळ झाला. बहुतेक लोक तिकडे बघतही नाहीत, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात तिच्याइतकी कामाची ओळ दुसरी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता पाहिलं तर खालचा बॉक्स नऊ दिवस सलग चालू होता. वरच्याचा अपटाइम १५ तास ११ मिनिटं. उलटं मोजा: आदल्या संध्याकाळी ७ वाजून ४९ मिनिटं. मुलीने वहीत लिहिलेली वेळ ७:४८. वाय-फाय 'तुटत' नव्हतंच. अख्खा बॉक्स बंद पडून पुन्हा सुरू होत होता.

का? त्याला वीज कमी पडत होती. छतावर लावायच्या ॲक्सेस पॉइंटला बहुधा वेगळा चार्जर नसतो. नेटच्या केबलमधूनच वीज जाते, त्याला पीओई म्हणतात. त्याचे प्रकार ठरलेले आहेत. ८०२.३एएफ या जुन्या मानकात स्विच एका पोर्टवर १५.४ वॉट देतो आणि केबलमधली घट धरून बॉक्सला १२.९५ वॉटची खात्री मिळते. पुढच्या ८०२.३एटीमध्ये पोर्टवर ३० वॉट, बॉक्सपाशी २५.५. अभ्यासिकेचा स्विच जुन्या बॉक्सच्या वेळचा, म्हणजे एएफ. नव्या बॉक्सच्या डब्यावर बारीक अक्षरात एटी हवं असं लिहिलेलं. कोणी वाचलं नव्हतं. मीही आधी वाचलं नसतं.

यातली गंमत अशी की दिवसा हे चालून जातं. आठ-दहा फोन जोडलेले असताना बॉक्स थोडक्यात भागवतो. संध्याकाळी ३०-४० जण एकदम व्हिडिओ लेक्चर लावतात, दोन्ही बँडचे रेडिओ जोरात चालू होतात, विजेची मागणी पोर्टच्या मर्यादेबाहेर जाते आणि स्विच वीज तोडतो. बॉक्स पुन्हा सुरू होतो, मुलं पुन्हा जोडतात, आणि पुन्हा तेच. काही मॉडेल्स समजूतदार असतात. वीज कमी मिळतेय हे कळलं की स्वतःहून ॲन्टेना कमी करतात, हळू चालतात. तिथे बॉक्स बंद पडत नाही, पण 'नवं घेऊनही स्पीड का नाही' ही तक्रार येते. कारण तेच.

तारेचंही थोडं. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या बऱ्याच केबलच्या आत तांबं नसतं, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ब्लेडने वायर खरवडली आणि आतून पांढरी-चंदेरी निघाली की समजायचं. ॲल्युमिनियमचा रोध तांब्यापेक्षा जास्त, त्यामुळे लांब केबलवर वीज वाटेतच खर्च होते आणि वायर तापते. नुसत्या डेटासाठी कदाचित वर्षानुवर्षं निभावेल, पण पीओईसाठी अशी केबल वापरू नये. शिवाय केबलच्या आठ तारांपैकी एखादी जोडी तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही, तर लिंक १ गिगाबिटवरून १०० मेगाबिटवर उतरते. स्विचच्या किंवा ॲक्सेस पॉइंटच्या पानावर 'लिंक स्पीड' १०० दिसत असेल तर आधी केबलची दोन्ही टोकं नव्याने क्रिम्प करून घ्या. स्वस्तात होतं.

अभ्यासिकेत तीनही बॉक्सना ८०२.३एटीचे पीओई इंजेक्टर लावले. स्विच आणि बॉक्सच्या मध्ये बसणारा हा छोटा अडॉप्टर असतो. तुम्ही घेताना डब्यावर '८०२.३एटी' हा आकडा स्वतः वाचा. '२४ व्होल्ट पॅसिव्ह' असं लिहिलेला इंजेक्टर दिसायला अगदी तसाच आणि स्वस्त असतो, पण तो समोर काय जोडलंय हे न विचारताच वीज सोडतो. चुकीच्या उपकरणाला लावला तर ते जळू शकतं.

घरच्या राउटरचं काय? तिथे पीओई नसतो, पण गोष्ट तीच. नव्या राउटरला जुन्याचा ॲडॉप्टर लावू नका. पिन बसते म्हणून चालेलच असं नाही, व्होल्ट आणि ॲम्पिअर दोन्ही जुळले पाहिजेत. लाइट जाते म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावला असेल तर त्याचं आउटपुटही तपासा. जुना राउटर १ ॲम्पिअरवर चालायचा आणि नव्याला २ ॲम्पिअर हवेत, असं सहज होतं.

संध्याकाळी सहानंतर पत्ते संपतात

इंजेक्टर लागले, बॉक्स बंद पडायचे थांबले. दोन दिवस शांतता. मग वहीत नवीन प्रकारची तक्रार: जे आधीपासून जोडलेले आहेत त्यांचं मस्त चालतंय, पण सहानंतर येणाऱ्यांचा फोन 'आयपी पत्ता मिळवत आहे' वर अडकतो. दहा मिनिटांनी अचानक जोडतो, किंवा जोडतच नाही.

नेटवर्कमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक फोनला राउटर एक आयपी पत्ता देतो. ही सोय म्हणजे डीएचसीपी. पत्ता कायमचा मिळत नाही, भाड्याने मिळतो, आणि भाड्याची मुदत राउटरमध्ये लिहिलेली असते. अभ्यासिकेच्या राउटरमध्ये १९२.१६८.१.१०० ते १९९ असे १०० पत्ते होते आणि मुदत २४ तास. दिवसभरात दोन पाळ्या मिळून ८५ मुलं. निम्म्यांकडे फोनशिवाय लॅपटॉपही. म्हणजे १२५ च्या वर उपकरणं. सकाळी सातला येऊन बाराला घरी गेलेल्या मुलाचा पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतो, बसच्या सीटवर रुमाल टाकून उतरून जावं तसा. संध्याकाळी येणाऱ्याला जागाच नाही.

मग हे जुन्या बॉक्सच्या वेळी का होत नव्हतं? कारण तेव्हा नेट इतकं रडत चालायचं की निम्मी पोरं मोबाइल डेटाच वापरायची. वाय-फाय सुधारलं म्हणून लॅपटॉप बाहेर आले. नव्या बॉक्सने बिघाड केला नव्हता, आधीपासून असलेला उघडा पाडला.

मुदत दोन तासांवर आणली, पत्त्यांची रेंज २० ते २५० केली. प्रश्न त्याच संध्याकाळी मिटला. मुदत कमी केली की चालू असलेली माणसं दर दोन तासांनी तुटतील अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही. मुदत निम्मी संपली की फोन गुपचूप नूतनीकरण मागतो, आणि कॉल चालू असला तरी पत्ता सुटत नाही.

इथे फोनचा एक स्वभाव माहीत असावा. अँड्रॉइड १० आणि आयफोनचं आयओएस १४ यांपासून फोन प्रत्येक वाय-फायला आपला खरा मॅक पत्ता न सांगता वेगळा, बनावट पत्ता सांगतो. गोपनीयतेसाठी हे चांगलंच आहे. पण नवे बॉक्स लावताना वाय-फायचं नावही बदललं, तर प्रत्येक फोन राउटरच्या दृष्टीने नवा पाहुणा ठरतो आणि त्याच्या नावावर दुसरा पत्ता चढतो. तुमच्या हॉस्टेलच्या वाय-फायमध्ये मॅक पत्ता नोंदवून परवानगी मिळत असेल, तर नवीन नावानंतर 'कालपर्यंत चालत होतं' हे घडणारच. त्या एका नेटवर्कसाठी फोनमध्ये 'डिव्हाइसचा मॅक वापरा' निवडा.

रुंद रस्ता नेहमीच बरा नसतो

वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन बँडवर चालतं (नव्या ६ई आणि ७ प्रकारांत ६ गिगाहर्ट्झही असतो). बँडचे चॅनेल पडतात, आणि नवे बॉक्स ते 'ऑटो'वर ठेवून येतात.

२.४ मध्ये चॅनेल बरेच दिसतात, पण एकमेकांत न मिसळणारे तीनच धरायचे: १, ६ आणि ११. रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० करण्याचा मोह टाळा, कारण मग तुमचं एकट्याचंच वाय-फाय अर्ध्याहून जास्त बँड व्यापतं आणि शेजाऱ्यांशी भांडत बसतं. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच बँडमध्ये आहेत. रोज जेवणाच्या वेळीच नेट अडखळत असेल तर वहीत 'मायक्रोवेव्ह चालू' अशी नोंद करून बघा, हसू नका.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर, पण तिथे एक अट आहे. भारतात ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने या बँडचा बराच मोठा भाग वाय-फायसाठी परवान्याशिवाय खुला झाला. त्यातले ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनेल जगभर रडारच्या शेजारचे मानले जातात. या चॅनेलवर डीएफएस नियमाने चालणारा बॉक्स सुरू होण्याआधी निदान ६० सेकंद नुसता कान देऊन ऐकतो. पुढे कधीही रडारसारखी चाहूल लागली की १० सेकंदांत चॅनेल सोडतो आणि अर्धा तास तिकडे फिरकत नाही. तुमच्या बाजूने हे कसं दिसतं? सगळ्यांचं ५ गिगाहर्ट्झ एकदम गायब, मिनिटा-दोन मिनिटांनी परत, आणि अपटाइम मात्र दिवसांचा. सी-बँड हवामान रडार ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात, मुंबईत वेरावलीचं रडार त्या प्रकारचं आहे. पण रडार जवळ असायलाच हवं असं नाही. बॉक्सला भासही होतात.

'१६० मेगाहर्ट्झ' ही डब्यावरची मोठी जाहिरात इथेच नडते. ३६ पासून सुरू होणारा १६०चा पट्टा ६४ पर्यंत जातो, म्हणजे त्याचा अर्धा भाग रडारवाल्या चॅनेलमध्ये. स्पीड टेस्टचा आकडा मोठा दिसतो आणि एक जरी चाहूल लागली तरी अख्खा पट्टा सोडावा लागतो.

अभ्यासिकेचं गणित करून दाखवतो. रडारचे चॅनेल वगळले तर ८० मेगाहर्ट्झचे दोनच पट्टे उरतात: ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१. बॉक्स तीन. म्हणजे दोघांना एकाच पट्ट्यावर आळीपाळीने बोलावं लागणार. रुंदी ४० केली की चार पट्टे होतात आणि तिघांना स्वतंत्र जागा मिळते. एका फोनचा कमाल वेग घटला, हे खरं. पण सराव परीक्षा द्यायला कुणाला ५०० मेगाबिट लागतात? घरी एकच राउटर असेल आणि आजूबाजूला गर्दी नसेल तर ८० खुशाल ठेवा.

कोण कुठल्या चॅनेलवर आहे हे अँड्रॉइडवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारच्या ॲपमध्ये दिसतं. अँड्रॉइड ९ पासून ॲपला दोन मिनिटांत चारच स्कॅन करता येतात, त्यामुळे चित्र शिळं वाटतं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'वाय-फाय स्कॅन थ्रॉटलिंग' बंद केलं की ताजं दिसतं. आयफोनवर ॲपलच्याच एअरपोर्ट युटिलिटी ॲपमध्ये वाय-फाय स्कॅनर आहे, तो आधी आयफोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावा लागतो.

फोन जुन्या बॉक्सला चिकटून बसतो

जिन्याजवळच्या टेबलावर बसणाऱ्या मुलाची तक्रार सगळ्यात शेवटी सुटली. तो वरून खाली येऊन बसायचा, पण फोन वरच्याच बॉक्सला धरून. सिग्नल उणे ७८ डीबीएम. (हा आकडा शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम, कॉलसाठी उणे ६७ पर्यंत ठीक, उणे ७५ च्या खाली रडारड.) डोक्यावर दुसरा बॉक्स असताना फोन तिकडे का जात नाही?

कारण कधी उडी मारायची हे बहुतांशी फोन ठरवतो, बॉक्स नाही. आयफोन साधारण उणे ७० डीबीएम झाल्यावर दुसरा बॉक्स शोधायला लागतो. अँड्रॉइडमध्ये हे कंपनीगणिक वेगळं. नव्या बॉक्सची ताकद 'हाय'वर असेल तर फोनला दूरवरूनही त्याचा आवाज छान ऐकू येतो आणि हलायचं कारणच वाटत नाही. पण फोनचा स्वतःचा आवाज बारीक, तो बॉक्सपर्यंत नीट पोचत नाही. संवाद एकतर्फी. कांड्या भरलेल्या आणि नेट नाही, या तक्रारीमागे हे कारण फार वेळा असतं. उपाय उलटा वाटेल: ताकद कमी करा, 'मीडियम' करा. २.४ ची तर ५ पेक्षाही कमी ठेवा.

कमकुवत सिग्नलच्या फोनला बॉक्सने स्वतःहून बाहेर काढण्याचीही सेटिंग असते. ती जपून वापरा. मर्यादा उणे ७० ला लावली तर कोपऱ्यातला फोन आत-बाहेर, आत-बाहेर करत राहील आणि तुम्ही स्वतःच नवा बिघाड तयार केलेला असेल. आणि जुने बॉक्स खरोखर काढलेत ना, हे एकदा डोळ्यांनी बघा. जुन्याच नावाने कपाटामागे चालू राहिलेला राउटर फोनना तिकडे ओढत राहतो.

ठरावीक फोन आणि प्रिंटरच नखरे करतात तेव्हा

नवे बॉक्स 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र' सुरक्षेवर येतात. नव्या फोनना काही फरक पडत नाही, पण जुने फोन, प्रिंटर, स्मार्ट बल्ब कधी जोडतात, कधी नाही. 'फास्ट रोमिंग' म्हणजे ८०२.११आर हे दुसरं कारण. काही जुन्या लॅपटॉपचे वाय-फाय ड्रायव्हर तर वाय-फाय ६ च्या नेटवर्कचं नावच दाखवत नाहीत, ड्रायव्हर अपडेट केला की दिसतं. सगळ्यांसाठी सुरक्षा उतरवण्यापेक्षा जुन्या उपकरणांसाठी २.४ वर वेगळं नाव बनवा, त्यावर फक्त डब्ल्यूपीए२ ठेवा आणि फास्ट रोमिंग बंद करा. स्मार्ट बल्ब आणि प्लग बहुतेक २.४ वरच चालतात, त्यामुळे त्यांनाही तेच नाव सोयीचं.

घरी: एका म्यानात दोन राउटर

फायबर कंपनीचा बॉक्स स्वतःच राउटर असतो. त्याला आपण नवा राउटर जोडतो, आणि आता पत्ते वाटणारे दोघं. केबल नव्या राउटरच्या 'लॅन' पोर्टमध्ये गेली असेल तर फोनला कधी याच्याकडून पत्ता मिळतो, कधी त्याच्याकडून. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर आणखीच घोळ. फोन योगायोगाने योग्य जागी लागला की चालतं, नाही तर नाही. नवा राउटर 'ॲक्सेस पॉइंट मोड'मध्ये टाका. त्याचं डीएचसीपी बंद होतं, पत्ते वाटायचं काम एकट्या जुन्याकडे राहतं. मग कंपनीच्या बॉक्सचं वाय-फायही बंद करा.

फोनचंही एकदा तपासा. 'वाय-फाय कमकुवत असल्यास मोबाइल डेटावर जा' हा पर्याय, बॅटरी सेव्हर, व्हीपीएन आणि जाहिराती अडवणारा प्रायव्हेट डीएनएस हे चौघं वाय-फायच्या नावावर बरीच पापं करतात. 'नेटवर्क सेटिंग्ज रीसेट' सगळ्यात शेवटी, कारण त्यात साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात. फर्मवेअर अपडेट जरूर करा, मात्र त्याच दिवशी चॅनेल, पासवर्ड आणि पत्त्यांची रेंज बदलू नका. एका वेळी एक बदल, आणि वहीत तारीख. नाहीतर बरं कशाने झालं ते कळत नाही आणि पुन्हा बिघडलं की पहिल्यापासून सुरुवात.

अभ्यासिकेतले नवे बॉक्स परत गेले नाहीत. त्या मुलीने टेस्ट सिरीजवाल्यांना ॲपच्या अपटाइमचा फोटो आणि रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला, त्यांनी तो पेपर पुन्हा उघडून दिला. रजिस्टरचं शेवटचं पान अजून चालू आहे. गेल्या वेळी पाहिलं तेव्हा शेवटची नोंद होती: '८:१०, गच्चीची खोली, सगळ्यांचं गेलं', आणि तिच्याखाली काकांच्या अक्षरात, 'लाइट गेली होती'.